एकच औषध, दोन पोरं, दोन तऱ्हा: हाडाच्या कॅन्सरची केमो जीन बघून ठरते का?

जुळेसोलापूरची | ९ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. आजवर पाककृतींच्या धाग्यांवरच वावर होता, आज वेगळंच विचारायला आलेय.

माझा भाचा, वय १५. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरताना गुडघा दुखतोय म्हणाला. क्रिकेट खेळताना लागलं असेल म्हणून महिनाभर मलम आणि शेक. मग एक्स-रे, एमआरआय, बायोप्सी. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, निघाला, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला. उपचार मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयात चालू आहेत. दादा-वहिनी दादरच्या धर्मशाळेत राहतात, मी इथून पैसे आणि कागदपत्रं बघते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मंगळवेढ्याचा मुलगा होता. ह्याच्याच वयाचा, दुखणंही गुडघ्याचंच, औषधं तीच, क्रम तोच. ऑपरेशननंतर त्याची गाठ तपासली तर केमोने ९६ टक्के मेलेली निघाली. पण दुसऱ्या डोसापासून त्याच्या कानात सारखा 'कुंई' आवाज येतो. पलीकडच्या मुलीची गाठ निम्मीही मेली नव्हती, पण तिचे कान ठणठणीत. आमच्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

आता वहिनीच्या नात्यातल्या एकाने सांगितलंय की थुंकी कुरियरने पाठवायची, पंचवीस हजार भरायचे, मग कुठली केमो लागू पडेल ते जीनवरून सांगतात. दादा हो म्हणायच्या बेतात आहे.

दोनच प्रश्न. हा फरक खरंच जीनमुळे पडतो का? आणि पडत असेल तर ही टेस्ट करावी का? जाणकारांनी कृपया लिहा.

---

कडक_भाकरी | ९ जून, रात्री ११.५२

आयडी जुळेसोलापूरची आणि प्रश्न जीनचा, वा. (हलके घ्या ताई.)

थुंकीचे पंचवीस हजार? सोलापुरात मावा खाऊन रस्त्याकडेला फुकट टाकतेत की बे. माहिती शून्य आहे, धागा वर राहावा म्हणून लिहिलो. पोरगं बरं होऊ दे.

---

लक्ष्मी_मार्केट | १० जून, सकाळी ७.०५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हा सगळा धंदा आहे. माणूस घाबरलेला असला की त्याला काहीही विकता येतं. आमच्या आजोबांच्या वेळी जीन नव्हते का? डॉक्टर देतायत ते घ्या आणि सिद्धरामेश्वरावर सोडा.

---

सात_रस्ता | १० जून, सकाळी ९.३०

ताई, माझा मुलगा २०१७ मध्ये ह्यातून गेला. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला होता. आता इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बापाला उलट बोलतो, म्हणजे तब्येत चांगली आहे.

आमचे उपचार पुण्यात झाले, तिथे तीन औषधं होती. लाल इंजेक्शन म्हणजे डॉक्सोरुबिसिन, मग सिस्प्लॅटिन, आणि पिवळी पिशवी, म्हणजे मेथोट्रेक्सेट. परळला बहुतेक पिवळी पिशवी नसेल, तिच्याजागी आयफॉस्फामाइड असेल. तिथली पद्धत वेगळी आहे. विचारून बघा.

आमची खरी परीक्षा त्या पिवळ्या पिशवीने घेतली. माझ्या आईला संधिवातासाठी हेच औषध होतं, आठवड्याला १५ मिलिग्रॅम. पोराला एका बैठकीत सतरा ग्रॅम! मी नर्सबाईंना म्हटलं, "सिस्टर, एक शून्य जास्त पडलंय का?" त्या म्हणाल्या, "काका, तीन शून्यं जास्त आहेत आणि बरोबर आहेत." शरीराच्या दर चौरस मीटरला १२ ग्रॅम असा हिशोब असतो. एवढं विष सोडायचं आणि चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा देऊन पोराला बाहेर ओढायचं. तोवर सोडा-बायकार्बची सलाइन, दर लघवीची पट्टीवर तपासणी, आणि २४, ४८, ७२ तासांना रक्तातली पातळी. मी ते सगळं दोनशे पानी वहीत लिहून ठेवलंय, अजून आहे.

तिसऱ्या वेळी पातळी उतरेचना. क्रिएटिनिन चढलं, म्हणजे मूत्रपिंडं दमली. ल्युकोव्होरिन वाढवलं, सलाइन वाढवलं, सहा दिवस अडकलो. मलाही तेव्हा हेच वाटलं की पोराच्या जीनमध्येच काहीतरी आहे. नंतर मोठ्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. दाढ दुखते म्हणून घराजवळच्या एकांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या आणि मीच त्या तीन दिवस चारल्या होत्या. त्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट बाहेर पडायला उशीर होतो. साधी दाढ!

जीनचं मला कळत नाही. पण जीनकडे बोट दाखवायच्या आधी घरातला औषधांचा डबा बघा, एवढं नक्की सांगतो.

---

प्रयोगशाळेतली_मांजर | १० जून, दुपारी २.१५

सात_रस्ता काका, तुमचा प्रतिसाद छापून वॉर्डाच्या भिंतीवर लावायला हवा.

मी जनुकशास्त्रात संशोधन करते, डॉक्टर नाही. मूळची बाळीवेशीतली. जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे 'जीन' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. एक, आईबापांकडून आलेले जीन, जे अंगातल्या प्रत्येक पेशीत सारखे असतात. थुंकीत किंवा रक्तात तेच दिसतात. दोन, गाठीचे स्वतःचे जीन, जे गाठ वाढताना बिघडत गेले. ऑस्टिओसार्कोमात हा बिघाड अफाट असतो. गुणसूत्रांचे तुकडे होऊन वाटेल तसे परत चिकटलेले असतात, आणि प्रत्येक रुग्णात वेगळे. त्यामुळे एका पोराची गाठ ९६ टक्के मरते आणि दुसरीची निम्मी, ह्यातला मोठा वाटा गाठीच्या स्वभावाचा असणार. थुंकीत तो दिसत नाही.

थुंकीत जे दिसतं ते असं. औषध शरीरात गेलं की त्याला पेशीत न्यायला दारं लागतात, बाहेर फेकायला पंप लागतात, निकामी करायला एन्झाइमं लागतात. औषधाने डीएनए मोडला तर तो शिवणारी मंडळी वेगळी. ह्या प्रत्येकाचा आराखडा एकेका जीनमध्ये असतो आणि त्यात माणसागणिक एखाद्या अक्षराचा फरक असतो. मेथोट्रेक्सेटसाठी एमटीएचएफआर नावाचा जीन खूप अभ्यासला गेला. त्यात ६७७ व्या जागी 'सी'ऐवजी 'टी' असेल तर एन्झाइम थोडं मंद चालतं. सिस्प्लॅटिनला बांधून निकामी करणारे जीएसटी कुळातले जीन, आणि सिस्प्लॅटिनने मोडलेला डीएनए दुरुस्त करणारे ईआरसीसी-१, ईआरसीसी-२. तर्क असा की दुरुस्ती करणारा जितका चपळ, तितकी गाठ औषधाला जुमानणार नाही.

तर्क सुंदर आहे, पण अनुभव वेगळा. एका शोधनिबंधात ईआरसीसी-२ चा अमुक फरक असलेले रुग्ण जास्त जगले, तर दुसऱ्यात तो फरक दिसतच नाही. एमटीएचएफआरचंही तेच. कारण साधं आहे. हा आजार दुर्मीळ, दहा लाख लोकांमागे वर्षाला तीन-चार रुग्ण. त्यामुळे एकेका अभ्यासात शे-दोनशे रुग्ण, त्यांच्यावर डझनावारी जीनफरक तपासायचे. एवढी जाळी टाकल्यावर एखादा मासा योगायोगानेही लागतो.

दुष्परिणामांच्या बाजूला पुरावा त्यामानाने बरा आहे. कानाचंच घ्या. २०१५ मध्ये मेंदूच्या गाठी असलेल्या मुलांत सिस्प्लॅटिनने येणारा बहिरेपणा आणि एसीवायपी-२ ह्या जीनमधला एक फरक ह्यांचा संबंध सापडला. पुढच्याच वर्षी तो ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांतही दिसला. पण त्याआधी, २००९ मध्ये, टीपीएमटी आणि सीओएमटी ह्या जीनचा असाच गाजावाजा झाला होता आणि दुसऱ्या गटाने तपासल्यावर तो संबंध सापडला नाही.

थोडक्यात, ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'काही अंशी हो'. दुसऱ्याचं उत्तर 'ह्या कामासाठी नको'.

---

कडक_भाकरी | १० जून, दुपारी २.३१

मांजरीने एवढं लिहिलं की माझी भाकरी मऊ पडली. पण कळलं बे. पहिल्यांदाच.

---

मागावरचा | १० जून, संध्याकाळी ६.५०

मांजरताई, तुमचं वाचून माझ्या डोक्यात जकार्डच फिरलालं. आमचे वडील पॉवरलूमवर चाळीस वर्षं. जकार्ड चादरीचं डिझाइन भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असतं, पुठ्ठ्यांची माळ. भोक असलं की तो धागा उचलतो, नसलं की खाली राहतो. एखादं भोक चुकलं तर बहुतेक वेळा कुणाला कळतबी नाही, मोराच्या पिसाऱ्यात एक धागा इकडचा तिकडं. पण तेच भोक मोराच्या डोळ्यात चुकलं की अख्खा लॉट परत येतो. तुमचं ते ६७७ वं अक्षर म्हणजे पिसाऱ्यातलं भोक, असंच ना?

दुसरं. आम्ही पद्मशाली, पिढ्यान्‌पिढ्या आपल्यातच सोयरीक. मामाची मुलगी करायची पद्धत. म्हणजे आमच्यात हे फरक साचलेले असतील का? तपासण्या सगळ्या गोऱ्या लोकांवर होतेत, त्या आम्हाला लागू कशा?

---

प्रयोगशाळेतली_मांजर | १० जून, संध्याकाळी ७.२०

@मागावरचा, पुढच्या व्याख्यानात मी तुमचा मोर चोरणार आहे. अगदी बरोबर.

दुसरा प्रश्न तर लाखमोलाचा. आपल्याकडे जात म्हणजे जनुकीय भाषेत एकेक वेगळी वाडीच. एखाद्या पूर्वजाकडचा फरक त्याच वाडीत फिरत राहतो, बाहेर जातच नाही. २०१९ च्या इंडिजेन प्रकल्पात हजारावर भारतीयांचे पूर्ण जीनोम वाचले गेले, नंतर जीनोमइंडियात दहा हजार. तेही पुरे नाहीत, पण सुरुवात आहे.

---

भुलवणारा | १० जून, रात्री १०.१०

मी भूलतज्ज्ञ, म्हणून आयडी असा. ह्या 'वाडी'चं माझ्या टेबलावरचं उदाहरण देतो, अवांतर असलं तरी.

श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी स्नायू सैल करायला आम्ही स्कोलीन द्यायचो. पाच-दहा मिनिटांत ओसरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचा फडशा पाडतं. पण आंध्र-तेलंगणातल्या वैश्य, म्हणजे कोमटी, समाजात ह्या एन्झाइमच्या जीनमधला एक विशिष्ट बदल पुष्कळ सापडतो. दोन्हीकडून तो आला असेल तर पाच मिनिटांचं औषध कित्येक तास टिकतं आणि माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघायची, बाकी काही नाही. सोलापुरात तेलुगू घरं भरपूर, त्यामुळे आम्हाला सिनियरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की कोमटी घरातला पेशंट असेल तर विचार, घरात कुणाला भुलेनंतर जाग यायला उशीर झाला होता का.

सांगायचा मुद्दा असा की जीनचा फरक उपयोगी कधी पडतो? तो कळल्यावर मी काहीतरी वेगळं करू शकतो तेव्हा. स्कोलीन टाळून दुसरं औषध वापरतो, प्रश्न मिटला. धागाकर्तीच्या भाच्याला अमुक जीन निघाला म्हणून डॉक्टर सिस्प्लॅटिन सोडून काय देणार? चौथं-पाचवं औषध आहेच कुठे हाताशी? गाठ नीट मेली नाही अशा रुग्णांना ऑपरेशननंतर आणखी दोन औषधं वाढवून पाहिली होती, युरामॉस नावाच्या मोठ्या चाचणीत. युरोप-अमेरिकेतले दोन हजारांवर रुग्ण नोंदले होते. निकाल २०१६ मध्ये आला. फायदा नाही, दुष्परिणाम मात्र जास्त.

---

हिप्परगा_ते_हेग | ११ जून, दुपारी १.४०

थोडा विरोधी सूर लावतो. मी नेदरलँड्समध्ये राहतो. माझ्या सासऱ्यांना आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा ५-एफयू हे केमोचं औषध सुरू करण्याआधी डीपीवायडी जीनची तपासणी झाली. इथे ती नेहमीची आहे. २०२० पासून युरोपची औषध नियामक संस्थाही तीच शिफारस करते. त्यांच्यात फरक निघाला, डोस निम्म्याने सुरू केला. नाहीतर जीवावर बेतलं असतं म्हणे.

म्हणजे केमोआधी जीन बघणं हा धंदा नाही, लक्ष्मी_मार्केट साहेब. आणि मांजर, भुलवणारा, तुम्ही लाल औषधाचं सोडून दिलंत. कॅनडातल्या गटाने लहान मुलांना डॉक्सोरुबिसिन देण्याआधी आरएआरजी वगैरे तीन जीन तपासावेत अशी शिफारस छापली आहे. त्या औषधाने हृदयाला इजा होऊ शकते, प्रश्न किरकोळ नाही.

---

लक्ष्मी_मार्केट | ११ जून, दुपारी १.५५

आतड्याचं आतड्याला, हाडाचं हाडाला. कापडाच्या दुकानात येऊन स्टीलच्या भांड्यांचा भाव सांगू नका.

---

प्रयोगशाळेतली_मांजर | ११ जून, रात्री ९.०५

@हिप्परगा_ते_हेग, मुद्दा मान्य. डीपीवायडी हे उत्तमच उदाहरण. तसंच रक्ताच्या कॅन्सरमधल्या ६-एमपी गोळीसाठी एनयूडीटी-१५ हा जीन. त्यातला फरक आशियाई लोकांत जास्त आहे, आपल्याकडेही सापडतो, आणि निघाला तर गोळी कमी करतात. दोन्हीकडे जीन कळला की डोस किती कमी करायचा ते ठरलेलं आहे.

कॅनडाची शिफारसही खरी आहे. पण ती ज्या मुलांच्या अभ्यासांवर उभी आहे ती बहुतेक युरोपीय वंशाची. आणि धोका जास्त निघाला तर सुचवतात काय? इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, वारंवार करा, हृदय जपणारं डेक्सराझोक्झेन द्यायचा विचार करा. ह्या दोन्ही गोष्टी थुंकी न पाठवताही डॉक्टरांशी बोलता येतात. पंचवीस हजारांत कितीतरी इको होतील.

---

हिप्परगा_ते_हेग | ११ जून, रात्री ११.३०

इकोचा मुद्दा पटला. तरी माझं मत थोडं वेगळं राहील. आज उपयोग नाही म्हणून कुणी तपासलंच नाही तर आपल्या मुलांची माहिती जमणार कधी? उद्याही मग गोऱ्या मुलांचेच आकडे वाचत बसू.

---

भगवंताची_बार्शी | १२ जून, सकाळी ८.१५

@हिप्परगा, माहिती जमवायचं काम आमच्या बार्शीकडून शिका. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून बार्शीत चालू आहे. कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंद घेत आलेत. सोलापूरकरांनी उगाच आम्हाला खेडं म्हणू नये.

आणि जीनची माहिती जमवायची तर ती मोठ्या रुग्णालयाने संशोधन म्हणून, संमती घेऊन, फुकट जमवावी. बापाच्या खिशातून का?

---

आयुर्संजीवनी_ऑफर | १२ जून, सकाळी १०.००

हाडाचा कॅन्सर मुळापासून बरा. जीन शुद्ध करणारा काढा. फक्त व्हॉट्सअॅप करा

---

कडक_भाकरी | १२ जून, सकाळी १०.०२

जीन शुद्ध करणारा काढा! माझ्या जीन पँटवर टाकून बघतो, हळदीचा डाग हाय.

---

व्यवस्थापन | १२ जून, सकाळी १०.४०

वरील सदस्याचे खाते बंद केले आहे. भाकरीचा विनोद समजावा म्हणून जाहिरात तेवढी ठेवली आहे, क्रमांक काढला आहे.

---

डावा_कान | १२ जून, रात्री ८.४५

मी वाचनमात्र असते, पण कानाचा विषय निघाला म्हणून लिहितेय. वय २४. चौदाव्या वर्षी हाच आजार, दंडाच्या हाडात. सिस्प्लॅटिनने दोन्ही कान गेले, डावा जास्त.

आवाज पूर्ण जात नाही. वरच्या पट्टीचे जातात. आधी मला पावश्या ऐकू येईना, मग कुकरची शिट्टी. मग शाळेत बाई 'सात' म्हणाल्या की 'आठ' म्हणाल्या ते कळेना, कारण 'स', 'श', 'फ' हे सगळे वरच्या पट्टीतले. घरच्यांना वाटलं आजारामुळे चिडचिडी झालीय, लक्ष देत नाही. कानाची पहिली तपासणी झाली तेव्हा चार डोस होऊन गेले होते.

मला सांगा, माझा एसीवायपी-२ कसा आहे हे कळून काय झालं असतं? पण दर सिस्प्लॅटिनआधी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाला असता, वरच्या पट्टीचा, ८००० हर्ट्झपर्यंतचा, तर दुसऱ्या डोसालाच कळलं असतं. मग कदाचित डोस बदलला असता, कदाचित नसता. निदान मला दोन वर्षं ढ मुलगी म्हणून काढावी लागली नसती. अमेरिकेत २०२२ मध्ये मुलांचे कान वाचवायला सोडियम थायोसल्फेट मंजूर झालंय. सिस्प्लॅटिन देऊन सहा तासांनी देतात, आजार इतरत्र पसरलेला नसेल तर. त्याबद्दलही विचारा.

त्या मंगळवेढ्याच्या मुलाच्या आईला कृपया निरोप द्या. कानात कुंई वाजतंय हे डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, सोसायची नाही.

---

सात_रस्ता | १२ जून, रात्री ९.१०

पोरी, तुझं वाचून आज मुलाला फोन केला. म्हटलं, मोबाइलची रिंग दूरवरून ऐकू येते का? तर म्हणतो, ऐकू येते, उचलत नाही एवढंच.

---

जुळेसोलापूरची | १२ जून, रात्री ११.२०

सगळ्यांचे आभार, रडू आलं वाचताना. दादाला सगळं वाचून दाखवलं. कुरियर रद्द. डावा_कान, तुझा निरोप त्या माउलीला आजच दिला. ती म्हणाली, आम्हाला वाटलं केमोत असंच असतं. उद्या सांगणार आहे.

परळला पिवळी पिशवी नाहीच, काकांचा अंदाज बरोबर. औषधं लाल, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड.

---

मागावरचा | १३ जून, सकाळी ७.३०

पिवळी पिशवी नसली तरी सांगून ठेवतो, ते औषध जिथं तयार झालं त्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेचे प्रमुख आमचे तेलुगू माणूस, यल्लाप्रगडा सुब्बाराव. भीमवरमचे, जन्म १८९५. फॉलिक अॅसिडवर काम करता करता त्याला अडवणारी औषधं बनवली. नोबेल नाही, काही नाही. १९४८ ला गेले.

---

लक्ष्मी_मार्केट | १३ जून, सकाळी ७.४५

आणि आमचे डॉ. कोटणीस सोलापूरचे. चीनमध्ये नाव जास्त, इथे पोरांना विचारा कोण ते. हा विषय काढलात म्हणून लिहिलं.

---

भुलवणारा | १३ जून, दुपारी ३.००

धागा डॉ. कोटणीसांवरून चीनला जाण्याआधी परत आणतो. ताई, एक विचारायचं राहिलं. मांजरीने आईबापांकडून आलेल्या जीनचं सांगितलं ते औषध लागू पडण्यापुरतं. पण त्यातलेच काही जीन आजार होण्याशी संबंधित असतात. टीपी-५३ हा मुख्य. आरबी-१ दुसरा, लहानपणी डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर झालेल्यांना पुढे हाडाचा होऊ शकतो तो ह्यानेच. २०२० मध्ये बाराशेवर ऑस्टिओसार्कोमा रुग्णांचा अभ्यास आला, त्यात साधारण चौथ्या हिश्श्यात कॅन्सरची शक्यता वाढवणारा कुठला ना कुठला जन्मजात जीनदोष सापडला.

घराण्यात, दोन्हीकडच्या, तरुण वयात कुणाला स्तनाचा, मेंदूचा, रक्ताचा कॅन्सर झाला होता का?

---

जुळेसोलापूरची | १३ जून, दुपारी ३.४०

वहिनीकडे कुणाला नाही. आमच्याकडे... आत्या होती. मी दुसरीत असताना गेली. घरात 'छातीचं दुखणं' म्हणायचे. आईला आत्ता फोन करून विचारलं. वय ३३.

---

प्रयोगशाळेतली_मांजर | १३ जून, दुपारी ३.५५

आत्याची मुलं?

---

जुळेसोलापूरची | १३ जून, दुपारी ४.१०

एक मुलगा होता. डोक्यात गाठ. नववीत गेला.

---

भुलवणारा | १३ जून, दुपारी ४.२५

ताई, घाबरू नका, पण हे आजच दादांना सांगा आणि परळच्या डॉक्टरांना सगळी वंशावळ द्या, वयासकट. मोठ्या रुग्णालयांत जनुकीय समुपदेशन असतं. आधी मुलाची रक्ततपासणी, रीतसर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. केमो त्याने बदलणार नाही. पण दोष निघाला तर किरणोपचार शक्यतो टाळतात आणि पुढे काय तपासत राहायचं ते ठरतं. नाही निघाला तर ही शंका मिटली.

---

जुळेसोलापूरची | १३ जून, दुपारी ४.३०

आणि निघाला आणि दादाकडून आला असेल तर माझ्यातही असू शकतो ना?

---

प्रयोगशाळेतली_मांजर | १३ जून, दुपारी ४.४८

हो. दादांकडून आला असेल तर तो तुमच्या आईवडिलांपैकी एकाकडून आलेला असणार, म्हणजे तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी. पण तो प्रश्न तिसऱ्या पायरीवरचा आहे. आधी भाचा, मग दादा, मग तुम्ही. मला व्यक्तिगत निरोप करा, फोनवर बोलू.

---

कडक_भाकरी | १३ जून, संध्याकाळी ५.०५

ताई, मी रेल्वेत हाय. काही लागलं तर सांगा. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत. डॉक्टरच्या सहीचा फॉर्म लागतो. दादा पूर्ण तिकीट काढत असतील तर आधी ते थांबवा.

---

जुळेसोलापूरची | २१ जुलै, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. ऑपरेशन झालं. पाय वाचला, आत धातूचा सांधा बसवलाय. गाठ ८४ टक्के मेली होती. ९० च्या वर हवं होतं, म्हणून वहिनी दोन दिवस बोलली नाही. डॉक्टर म्हणाले, ८४ म्हणजे दार बंद नाही, औषधं आहेत तीच पूर्ण करायची. भुलवणारा यांनी लिहिलेलं आठवलं म्हणून 'वाढवत का नाही' असं कुणी विचारलं नाही. ऑडिओग्राम दरवेळी होतो, आतापर्यंत ठीक. मंगळवेढ्याच्या मुलाच्या कानाचीही तपासणी झाली, डोस बदलला.

रक्त समुपदेशनातूनच दिलंय. रिपोर्ट यायला वेळ आहे. मी रोज विचार करत नाही, एक दिवसाआड करते.

गुरुवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कुणी मुंबईला जातंय का? दादाला इकडची शेंगाचटणी हवीय. पोराच्या रक्तातल्या पेशी कमी आहेत, त्याला बाहेरचं काही चालत नाही, पण बापाने तरी जेवावं.

---

कडक_भाकरी | २१ जुलै, रात्री १०.१९

ड्यूटीवर मीच हाय. स्टेशनला आणून द्या, एस-४ डब्याजवळ थांबतो. सोबत कडक भाकरी माझ्याकडून. चटणी जास्त तिखट की मध्यम?

---

जुळेसोलापूरची | २१ जुलै, रात्री १०.२२

जास्त. मुंबईत सगळं गोड मिळतं म्हणतो.